हिरडीतली कोरी जागा

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

निवृत्त होऊन चौदा महिने झाले आणि आज पुन्हा डबा घेऊन घराबाहेर पडलो. राहुरी ते नगर एसटीत उभ्याने गेलो तरी पाय दुखले नाहीत. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता दातांच्या कॉलेजात चित्रं काढणार आहे. मेरी दारात उभी राहून म्हणाली, "जावा एकदाचे. माझ्या बरण्या दिवसातून तीनदा एका रेघेत लावनारं कुनी न्हाई आता घरात." बायकोने इतक्या आनंदाने निरोप द्यावा, याचा थोडा राग आला.

बोलावलंय ज्योतीने. आठवी ते दहावी ती माझ्या वर्गात होती. आता दातांची डॉक्टर आहे आणि पुढच्या पदवीसाठी प्रबंध लिहिते आहे. विषय असा, की हिरडीच्या अस्तरात शरीराच्या पहारेकरी पेशी असतात, त्या नेमक्या कुठे आणि कशा बसलेल्या असतात. दाढ काढायला आलेल्या लोकांनी स्वखुशीने दिलेले हिरडीचे तांदळाएवढे तुकडे आहेत. त्यांच्या पातळ चकत्या काचेवर लावून त्यातल्या फक्त पहारेकरी पेशी रंगवल्या आहेत.

"सर, या पेशी तिथंच मुक्काम ठोकून असतात," ती म्हणाली. "हात पसरून. जे काही तोंडात येईल ते चाचपतात आणि ठरवतात, आरडाओरडा करायचा की गप्प बसायचं. बहुतेक वेळा गप्पच बसतात. नाहीतर घासाघासाला आपलं तोंड सुजलं असतं."

मी म्हणालो, अशी शहाणी मंडळी आमच्या स्टाफरूममध्ये फार कमी होती.

आता प्रश्न असा, की डॉक्टर लोकांत चित्रकला मास्तरचं काय काम? तर आपल्या लोकांच्या हिरड्यांत मुळातच काळसर-तपकिरी रंग असतो आणि या पेशींना दिलेला रंगही तपकिरी. कॉम्प्युटर दोन्ही एकच समजून मोजतो आणि आकडा कुठल्या कुठे जातो. गेले दोन महिने ज्योती त्यापायी रडकुंडीला आली होती. मग तिला आठवलं, की साळवे सर वर्गाच्या मागच्या बाकावरचे दोन तपकिरी रंग फळ्यापाशी उभे राहून ओळखायचे. खरं आहे ते. एक काताचा तपकिरी असतो, एक गुळाच्या पाकाचा. यात काय ओळखायचंय?

एकूण साठ स्लाईड आहेत. प्रबंध जमा करायची शेवटची तारीख १ डिसेंबर. तारीख चुकली तर तिचं सबंध वर्ष वाया जाणार. मी म्हणालो, ज्योती, तू निश्चिंत राहा.

३ सप्टेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा त्या पेशी नीट पाहिल्या. देवा रे! इवलंसं अंग आणि चहूबाजूंना फाटे फुटलेले हात. जन्मभर नक्षी काढली, पण ही नक्षी माझ्या तोंडात होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एसटीत परत येताना जिभेने सारखी हिरडी चाचपत होतो. समोरची बाई तोंड फिरवून बसली.

मायक्रोस्कोपला आरशाची एक नळी जोडलेली आहे. त्यातून बघितलं की पेशी दिसतात आणि त्यांच्याच खाली आपला हात आणि कागदही दिसतो. नुसतं गिरवत जायचं. मी पेन्सिलने गिरवतो, कागद घरी आणतो आणि जेवणाच्या टेबलावर शाईने पक्कं करतो. पक्कं झालं की पेन्सिल पार खोडायची. पेन्सिलीची रेघ दिसली तर मी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांचे दोन गुण कापायचो, स्वतःला कसा सोडेन?

११ सप्टेंबर, गुरुवार

नऊ चित्रं झाली. हात बसला.

एक मात्र आहे. या पेशींना शिस्त नाही. डावीकडे, बाहेरच्या जाड हिरडीत, एकमेकींच्या अंगावर चढून बसतात. उजवीकडे दाताला चिकटलेली पातळ पट्टी असते, ती ओसाड. असा लंगडा कागद कोणाच्या हातात कसा द्यायचा? काल शाई करताना गर्दीत गुदमरलेल्या चार पेशी उचलून उजवीकडे नीट अंतरावर बसवल्या. लगेच चित्राला तोल आला. एकूण संख्या तेवढीच ठेवली आहे, एकही वाढवली नाही की कमी केली नाही. मी त्या बाबतीत पक्का आहे.

मेरीने चित्र पाहून विचारलं, "हे तोंडातलं हाय? मला तर साडीचा काठ वाटला." फार बरं वाटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रयोगशाळेत चकत्या कापायचं काम फैयाजकडे आहे. शेवगावकडचा आहे, वय सव्वीस, हात सोन्याचा. केसापेक्षा पातळ चकती पाण्यावर तरंगत सोडतो आणि काचेवर अलगद उचलतो, जराही चुणी पडू देत नाही. अशी मुलं शाळेत मिळाली असती तर मी निवृत्तच झालो नसतो.

आज माझं एक चित्र हातात घेऊन तो म्हणाला, "सर, ही उजवीकडची पेशी मला काय दिसली न्हाई बघा."

मी म्हणालो, "डोळे तपासून घे."

"व्हय सर," म्हणाला आणि कामाला लागला. नम्र मुलगा आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ज्योतीने तीस चित्रं एकत्र पाहिली. एकेक उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "सर, फारच सुबक आलंय." एक चित्र उजेडाला धरलं. मग, "इतकं सुबक असतं का हो?"

मी म्हणालो, "काढणाऱ्यावर असतं."

ती हसली, पण नखं कुरतडत होती. म्हणाली, पुस्तकांप्रमाणे दाताला चिकटलेल्या पट्टीत या पेशी जवळजवळ नसतातच. तुमच्या चित्रांत तर प्रत्येक ठिकाणी आहेत. मी म्हणालो, पुस्तकं लिहिणाऱ्यांना चित्र काढता येत नसेल. मास्तरसमोर पोरांची बोलती बंद होते ती कायमचीच. डॉक्टर झाली तरी उलट उत्तर दिलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

साठही चित्रं पूर्ण! वेळेच्या पावणेदोन महिने आधी!

ज्योतीने सगळ्या चित्रांतली अंतरं मोजली. पेशी थेट दातापर्यंत सारख्या अंतराने पसरलेल्या आहेत, असं निघालं. म्हणजे पुस्तकात आहे त्याच्या उलट. ती अक्षरशः उड्या मारत आली. "सर, हे खरं असेल तर नवीनच काहीतरी आहे हे. मी परिषदेत मांडणार." तिने तिच्या आईला फोन लावला आणि मलाही बोलायला लावलं. माउली रडत होती. मी म्हणालो, अहो, तुमच्या मुलीच्या डोक्याची कमाल, माझा फक्त हात.

मनात मात्र म्हणालो, हातही काही कमी नाही.

खाली जाऊन पेढे आणले. फैयाजने अर्धाच खाल्ला. पित्त झालंय म्हणाला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ज्योतीच्या विभागप्रमुख मॅडम कडक आहेत. पुस्तकाच्या विरुद्ध बोलायचं तर आणखी दहा स्लाईड काढून घ्या म्हणाल्या. घ्या की! ६१ ते ७० नंबरच्या स्लाईड आल्या, पाच दिवसांत सगळ्या दिल्या. यांची रचना तर पहिल्यांपेक्षा सरस जमली. ६७ नंबरचं चित्र मेरीने फ्रेम करायला मागितलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपवून आज गेलो. काय लिहू?

टेबलावर चित्रांच्या दहा जोड्या मांडलेल्या होत्या. ज्योती खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हणालो, काय झालं? तिने फैयाजकडे बघितलं. शेवटी फैयाज बोलला. "सर, ६१ ते ७० नवीन न्हवत्या. तुमी आधी काढलेल्या दहाच स्लाईडला नवे नंबर लावले हुते. मोठ्या मॅडम म्हनल्या, तुमाला न सांगता करा. एकच स्लाईड दोनदा काढली तर चित्र एकच यायला पायजे ना?"

एकही जोडी जुळत नव्हती. प्रत्येक चित्र सुबक, तोलदार, आणि प्रत्येक वेगळं.

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, चोरून परीक्षा घेता? माझी? ज्योतीला म्हणालो, तुला पेन्सिल धरायला मी शिकवली. डबाही न उघडता निघून आलो.

मेरीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. थांबली नाही. म्हणाली, "मग हलवलेत का न्हाई तुमी ठिपके?"

"हलवले नाहीत. बसवले."

"आपल्या लग्नाच्या फोटोत चर्चच्या पाळकसाहेबांना दंडाला धरून सरकवलंत तुमी. मधोमध येत न्हाईत म्हनून. आशीर्वाद चालू हुता."

मला हसू आलं. मग ते थांबलंच. हे आज कळलं म्हणतो, पण खरं सांगायचं तर त्या दहा जोड्या पाहिल्याबरोबर कळलं होतं. त्या पोरीने विचारलं होतं, इतकं सुबक असतं का. फैयाजने सांगितलं होतं, पेशी तिथं नाही. मी दोघांनाही गप्प बसवलं. आणि आता तिच्या शेवटच्या तारखेला पस्तीस दिवस उरले आहेत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पहिल्या एसटीने गेलो. ज्योती यायच्या आधी प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो. ती आली तशी म्हणालो, "ज्योती, साठही चित्रं मी बिघडवली. पेशी हलवल्या. चित्र लंगडं दिसतं म्हणून. पेन्सिल खोडल्यामुळे मूळ काहीच उरलेलं नाही. चूक तुझी नाही, फैयाजची नाही, माझी आहे. काल तुला वाटेल ते बोललो, तेही चुकलं."

असं वाक्य चौतीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याला म्हणालो नव्हतो. जीभ जड होते, पण पुढे फार हलकं वाटतं.

ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मग रडता रडताच हसायला लागली. "सर, मी परिषदेला नाव पाठवणार होते हो! पुस्तकं चुकली म्हणून सांगणार होते!"

फैयाजने विचारलं, "मग आता?"

"आता साठ स्लाईड पुन्हा," मी म्हणालो. "तुम्ही ठेवून घेणार असाल तर."

ज्योतीने नाक पुसलं. "दुसरं कोण ओळखणार ते दोन तपकिरी रंग?" म्हणाली. पण अटी घातल्या. शाई इथंच करायची. कागद घरी न्यायचा नाही. खोडरबर फैयाजच्या ताब्यात. मी सगळ्या मान्य केल्या.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन दिवसांत चार चित्रं. जमत नाही. हात गिरवतो, पण डोळा सबंध कागद बघतो, आणि बघितला की हात शिवशिवतात. आज एक पेशी नकळत जराशी उजवीकडे गेली. फैयाज मागे उभा होता. "सर," एवढंच म्हणाला. मी कान पकडले आणि कागद फाडला.

हा काही लबाडीचा रोग नाही, सवयीचा आहे. म्हणून जास्त अवघड.

३ नोव्हेंबर, सोमवार

सापडलं! आणि सापडलं ते माझ्याच पेटीत.

लहान चित्र मोठं करायचं तर मुलांना आम्ही चौकटी आखायला शिकवतो. एका वेळी एकच चौकट बघा, नाक आहे की कान याचा विचार करू नका, रेघ कुठून कुठे जाते तेवढंच बघा, हे मी हजारदा सांगितलं असेल. रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू असताना हे अचानक डोक्यात आलं. मेरीने कोपर मारलं, कारण मी मोठ्याने "हां!" म्हणालो.

आज काळ्या पुठ्ठ्याला नखाएवढी चौकोनी खिडकी कापली. कागदावर चौकटी आखल्या. खिडकी ज्या चौकटीवर, तेवढीच दिसते. बाकीचा कागद झाकलेला. मला कळतच नाही की डावीकडे गर्दी आहे की उजवीकडे ओसाड. तोल कशाचा साधणार? एका चौकटीत पाच पेशी, काढल्या. पुढच्या चौकटीत काही नाही, पुढे सरकलो.

फैयाज म्हणाला, "सर, घोड्याच्या डोळ्याला झापड लावत्यात तसं झालं की."

"अरे, घोडा तुझा गुरू आहे," मी म्हणालो. तिघंही पोट धरून हसलो. एका दिवसात पाच चित्रं झाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अठ्ठावीस झाली. मधेच पाच जुन्या स्लाईड ज्योतीने नंबर बदलून पुन्हा दिल्या, या वेळी मला सांगून, पण कुठल्या ते न सांगता. पाचही जोड्या जुळल्या. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरल्या, टिंबावर टिंब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. ज्योतीने माझे हात धरले. लहानपणी शाई सांडली की ती माझ्या हाताकडे भीतीने बघायची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काळा पुठ्ठा उचलून आतापर्यंतची सगळी चित्रं आज पहिल्यांदा एकत्र पाहिली. बाहेरच्या हिरडीत पेशींची गर्दी, हातात हात घातलेली. दाताजवळ जावं तशी विरळ. आणि दाताला चिकटलेल्या त्या पट्टीत कोरं. जवळजवळ प्रत्येक चित्रात. पुस्तकात होतं तसंच.

मी ज्योतीला विचारलं, मग ती जागा काय वाऱ्यावर सोडलेली आहे? जिथून जंतू शिरणार तिथंच पहारा नाही?

तिने मायक्रोस्कोपमधून दाखवलं. त्या पट्टीत निळ्या रंगाचे बारीक गोल ठिपके होते. मी ते कधी काढलेच नव्हते, माझ्या कामाचे नव्हते. "या दुसऱ्या पेशी. रक्तातून निघतात आणि सारख्या या पट्टीतून तोंडात उतरत राहतात. मुक्कामाला नसतात. काम करून वाहून जातात, मागून नव्या येतात."

"कारखान्यात पाळी बदलते तसं," मी म्हणालो.

"अगदी तसं. आणि सर, तुम्ही आधीच्या चित्रांत मुक्कामाच्या पेशी नेऊन नेमक्या पाळीवाल्यांच्या जागेवर बसवल्या होत्या."

म्हणजे ज्याने हे घडवलं त्याने तोल साधलेला होताच. मला तो दिसला नाही, कारण मला काठपदरच हवा होता. घरी येताना इतका आनंद झाला, की एसटीवरचा वाकडा फलकही गोड दिसला. म्हणजे सरळ करावासा वाटला, पण गोड दिसला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

साठावं चित्र गुरुवारी झालं. आज प्रबंध जमा. फैयाजने खोडरबर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आता न्या घरी." मेरीने सगळ्यांसाठी खिमा-पाव पाठवला होता. विभागप्रमुख मॅडमही दोनदा वाढून घेऊन गेल्या.

प्रबंधात एक सबंध पान आहे. 'पहिली साठ चित्रं का बाद केली.' त्यात सगळं आहे, पेशी हलवणं, पेन्सिल खोडणं, जुन्या स्लाईडची परीक्षा, पुठ्ठ्याची खिडकी. आणि माझं नाव. मी म्हणालो, ज्योती, नाव काढ. ती म्हणाली, "सर, दुसऱ्या चित्रांखाली तुमचं नाव आहे. पहिल्यांखालीही हवं."

पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं तिने. मला आवडलं.

१८ फेब्रुवारी २०२६, बुधवार

क्रमाने लिहितो, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

आज ज्योतीची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक आले होते, वयस्क, पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. मी आणि फैयाज व्हरांड्यात. तासाभराने ज्योती दारात आली. तोंड उतरलेलं. "सर, आत बोलावलंय तुम्हाला."

परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलेलं होतं. म्हणाले, "साळवे तुम्हीच? एकदा पेशी हलवणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या चित्रांवर मी विश्वास का ठेवावा? सगळा प्रबंध तुमच्या हातावर उभा आहे."

ज्योती काही बोलणार होती, त्यांनी तिला थांबवलं. खिशातून एक डबी काढली, त्यात त्यांची स्वतःची एक स्लाईड होती. "ही काढा. आत्ता. इथं. पुठ्ठ्याशिवाय."

पुठ्ठ्याशिवाय! बसलो. नळीतून पाहिलं तर सगळ्या पेशी एका कोपऱ्यात, आणि उरलेली पाऊण चकती मोकळी. इतका लंगडा कागद मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सतरा पेशी काढल्या. मग हात थांबला. कोरा भाग माझ्याकडे बघत होता आणि माझी बोटं शिवशिवत होती. दोन, फक्त दोन पेशी तिथं नेल्या असत्या तर चित्र उभं राहिलं असतं. ज्योती माझ्या हाताकडे बघत होती.

पेन खाली ठेवलं.

परीक्षक कागदावर वाकले. कोऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "हे राहिलं का?"

"नाही सर," मी म्हणालो. "तिथं कोणी नाही."

ते मायक्रोस्कोपसमोर बसले. बराच वेळ बघत राहिले. एकदा कागद बघायचे, एकदा आत. शेवटी मान वर केली. मिशीतून हसले. "नाहीच आहे कोणी." मग ज्योतीकडे वळून, "डॉक्टर, प्रबंध उत्तम आहे. ते पान तर माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवीन म्हणतो."

ज्योतीने माझ्या पायाला हात लावला आणि उठताना फैयाजला टाळी दिली. तिच्या आईला फोन लागला. मेरीला लागला. मेरी म्हणाली, "पाळकसाहेबांना पन सांगते, त्यांना लई बरं वाटंल."

निघताना परीक्षकांनी माझं चित्र मागून घेतलं, आणि आठवण म्हणून त्याच्या फोटोप्रतीवर सही करून ती मला दिली. कोऱ्या जागेतच केली. सही तिरकी झाली आहे, अगदी डोळ्यांत भरेल अशी तिरकी. घरी येऊन मी ती तशीच भिंतीवर लावली.